सात ते आठचा रकाना

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या वाडीतला पहिला स्मार्ट मीटर बसला. तो माझ्या घराच्या पडवीत बसला. मीटरला विरोध करणारी वाडी त्या वेळी महाडला, वीज कार्यालयाच्या आवारात उभी होती. मीही तिथेच होतो. निवेदन मी लिहिले होते आणि साहेबांची वेळही मीच घेतली होती.

वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वाटेवर आहे. फाट्यावर एसटी सोडली की वीस मिनिटांची चढण. घरे तेवीस. त्यांतली चौदा वर्षाचे बहुतेक दिवस बंद असतात, कारण घरची माणसे मुंबईला नोकरीला आहेत; माझेही त्यांतलेच, मी मात्र महाडला राहतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरती कुलपे निघतात. एरवी या चौदा घरांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असत. तो माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो.

किल्ल्या एका तारेच्या कड्यात ओवलेल्या होत्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला त्या त्या घरातल्या जुन्या कापडाची चिंधी बांधलेली. आमच्या किल्लीला आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती.

बंद घरातही तिन्हीसांजेला उजेड दिसला पाहिजे, अशी वाडीची रीत आहे. पूर्वी शेजारची बाई ओटीवर पणती ठेवून यायची. आता बल्ब लावतात. दादा रोज संध्याकाळी दोन-तीन घरे उघडायचा, ओटीवरचा बल्ब तासभर लावून ठेवायचा, तेवढ्यात कौलातून कुठे गळते का, वाळवी चढली का, ते बघायचा आणि पुन्हा कुलूप घालायचा. आठवड्यात प्रत्येक घराची एकदा पाळी येई. आमच्या घराला पाळी नव्हती. तिथे रोज, सात ते आठ. तसा शब्द त्याने आईला दिला होता.

तो शब्द दिला तेव्हा मी खोलीत होतो. तीन वर्षांपूर्वी, माझ्या महाडच्या घरी. मुंबईच्या वर्तमानपत्रात बावीस वर्षे डेस्कवर काढून मी महाडला तालुका वार्ताहर म्हणून परत आलो होतो. आईला वाडीवरून खाली आणले होते. ती पुन्हा वर जाणार नाही, हे तिला आणि आम्हाला कळले होते. दादा तिला बघायला आला. तिने उशीखालून किल्ली काढली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "ही तुझ्याकडं ठेव. ह्याचा काय भरवसा नाय. आज महाड, उद्या मुंबय. घर काळोखात ठेवू नको."

"रोज लावीन, काकी," तो म्हणाला.

दादाचा मला हेवा वाटू लागला तो त्या दुपारपासून. लहानपणी वाटत नसे. तो झाडावर चढे, नदीत पोहत असे, शाळेत मात्र माझ्या मागे असे. मला ते पुरेसे होते.

आई गेल्यावर वीजजोडणी मी माझ्या नावावर करून घेतली. किल्ली मागितली नाही. मागितली असती तर त्याने दिली असती आणि मग रोज सातला वर कोण जाणार होते, हा प्रश्न माझ्याकडे आला असता. तरी ती त्याच्या कड्यात दिसली की माझे लक्ष तिच्यावरच जाई. गणपतीला आम्ही वाडीवर जायचो तेव्हा माझ्याच घराचे दार तो उघडून द्यायचा. "ये, घर झाडून ठेवलंय," म्हणायचा. माझी बायको त्याचे आभार मानायची. मी चपला काढायचो.

स्मार्ट मीटरची बातमी वाडीवर पहिल्यांदा मीच नेली. मुंबईकरांच्या मोबाइल गटावर आधीच गोंधळ चालू होता: पैसे आधी भरावे लागणार, बंद घराची वीज आपोआप कापणार, मीटर जोरात पळणार. देवळात बैठक झाली. मी कागदावर सात मुद्दे काढून नेले होते. ते वाचून दाखवले. लोकांनी ऐकले. मग दादा उठला.

"माज्या घरातनं फोन लावायचा तर मला मागच्या कातळाच्या खडपावर चढून उभं र्‍हावं लागतं," तो म्हणाला. "मी एवढा मानूस असून बोलता येत नाय, आनि हा डबा पडवीत बसून कंपनीशी बोलनार? बोलंल तर काय सांगंल? घरात कोन हाय, कोन नाय, तेच ना? ते मी मुंबयवाल्यांना सांगतोच हाय."

देऊळ हसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "मग तुलाच टांगू गो बाय भिंतीवर!" पुन्हा हसले. तिने पुरुषाला गो म्हटले म्हणून आणखी हसले. त्यानंतर तालुक्यात जिथे जिथे या विषयावर सभा झाली, तिथे 'डबा बोलंल तर काय सांगंल' हेच वाक्य ऐकू आले. माझ्या सात मुद्द्यांतला एकही कुणाच्या तोंडी आला नाही.

बातमी मी दिली. त्यात दादाची चार वाक्ये मी एकात बसवली. जागा कमी होती म्हणून नव्हे, जागा होती. दुसऱ्या दिवशी अंक आला तेव्हा छायाचित्र त्याचे होते, जुन्या मीटरसमोर हाताची घडी घालून उभा असलेला. ते मी पाठवलेल्या पाचांपैकी होते. निवड डेस्कची होती आणि डेस्कवर मी असतो तर तेच निवडले असते.

निवेदनातला तिसरा मुद्दा इथे नोंदवायला हवा. तो असा होता: 'या मीटरमुळे घरात माणूस कधी असतो, कधी नसतो, कोणत्या वेळी दिवा लागतो, हे घराबाहेरच्या व्यक्तीस समजेल. यास आमची हरकत आहे.' ही वाक्ये माझी आहेत.

आषाढ संपता संपता महाडच्या एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीवर मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर भेटला. बातमीसाठी मीच त्याला बोलावले होते. सौम्य माणूस होता. त्याने स्वतःच्या मोबाइलवर एक आलेख उघडून माझ्यासमोर धरला.

"हे माझ्या घरचं, साहेब. दिवसाचे चोवीस रकाने. हा बघा, सकाळी सहाला गिझर. हे दुपारी शून्य, मिसेस शाळेत जाते. तासातासाचं कळतं."

"बंद घराचंही कळेल?"

"बंद असेल तर शून्यच दिसणार ना. एक बल्ब जरी लावला तरी दिसेल."

मी आणखी एक चहा सांगितला. आमच्या ओटीवर साठ वॉटचा पिवळा बल्ब होता. आईने तो बदलू दिला नव्हता. तासाला ०.०६ युनिट. हा हिशेब मी टपरीवरच मनात केला. तीन वर्षे वाडीचा प्रत्येक माणूस मला सांगत आला होता की दादाने एकही दिवस चुकवला नाही. पावसात, तापात, पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. मला ते खरे वाटत नव्हते. खरे म्हणजे, ते खोटे निघावे असे मला वाटत होते.

माझ्या घराला मीटर बसवण्याच्या अर्जावर मी तिथेच सही केली. मीटर पडवीत बाहेरच्या भिंतीला आहे, दार उघडायची गरज नाही, हे मी त्याला सांगितले. श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी वाडीवर पुरुष नसतील, हेही सांगितले.

मंगळवारी महाडच्या कार्यालयात साहेबांनी निवेदन घेतले आणि म्हणणे वर कळवतो असे सांगितले. त्यानंतर लोक आवारात बसून राहिले. लेखी द्या, अशी त्यांची मागणी होती. साडेतीनला दादा उठला.

"मी निघतो. मला सातच्या आत घर गाठायचंय."

"कोण वाट बघतंय रे? वहिनी?" कुणीतरी विचारले.

"काकीचा दिवा," तो म्हणाला आणि छत्री घेऊन स्टँडकडे गेला.

कुणी हसले नाही. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "नशीबवान हायस बाबा. असा भाऊ कुनाला मिळतो?"

साडेसातला त्याचा फोन आला. खडपावरून बोलत होता, वारा ऐकू येत होता.

"अरे, तुझ्या घराला मीटर लावून गेले! आपण तिकडं बसलोय आनि हे इकडं चोरासारखे आले. ही आडवी गेली त्यांना. तर मालकाची सही हाय म्हनून कागद दाखवला. तुझी खोटी सही करून आनलीय."

मी म्हणालो, "हो का?"

"बातमी लाव. मी तक्रार करतो त्या ठेकेदाराच्या मानसावर. खोटी सही म्हंजे काय खेळ हाय काय?"

"बघू," मी म्हणालो.

तो मीटर काढून टाकावा असे वाडीतल्या काहींचे म्हणणे होते. दादाने हात लावू दिला नाही. सरकारी वस्तूला हात लावला तर माझ्या भावावर केस होईल, असे त्याने सांगितल्याचे मला नंतर कळले. ठेकेदाराची माणसे पुढच्या वाडीवर गेली तेव्हा म्हणाली की तुमच्या पेपरवाल्यांनी स्वतः घेतलाय. तिथल्या लोकांनी दादाला विचारले. तो म्हणाला, खोटं हाय, त्याला फसवलंय.

दोन दिवसांनी मोबाइलवर आकडे दिसू लागले. मी मंगळवार उघडला. मीटर बसल्यापासून सगळे रकाने शून्य. सात ते आठच्या रकान्यात ०.०६. बुधवारी शून्य, शून्य, मग सात ते आठ ०.०६. गुरुवारीही तेच.

बायकोने दुसऱ्याच आठवड्यात विचारले, "सारखं काय बघता त्यात? शेअर बाजार आहे का?"

"बातमीसाठी."

"कसली बातमी?"

मी मोबाइल पालथा ठेवला.

डेस्कवर असताना छापून आलेल्या पानात मी चूक शोधत असे. आता या रकान्यांत शोधू लागलो. एका शुक्रवारी आंबेनळी घाटात दरड आली, पोलादपूरकडे धो धो पाऊस होता, दुपारपासून वीज येत-जात होती. त्या दिवशी रकाना रिकामा निघेल, अशी मला खात्री वाटली. सात ते आठमध्ये ०.०२ होते आणि आठ ते नऊमध्ये ०.०४. वीज गेल्यावर तो थांबला होता. ती परत आल्यावर त्याने राहिलेला तास पुरा केला होता. मी मोबाइल खिशात टाकून गच्चीवर गेलो आणि बराच वेळ खाली आलो नाही. एवढा राग मला कुणी खोटे बोलल्यावरही कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला हवे होते तसे काहीतरी सापडले. दुपारी दोन ते तीन: ०.०७. तीन ते चार: ०.०७. दुपारी बल्ब कोण लावील? हा पंखा होता. माजघरात, आईच्या पलंगाच्या वर एकच पंखा आहे. म्हणजे दादा दुपारचा माझ्या घरात, माझ्या आईच्या पलंगावर झोपतो. मी असे वाचले. दुसरा अर्थ मी शोधला नाही. बातमी असती तर दोन्ही बाजू विचारल्याशिवाय मी एक ओळ पुढे सोडली नसती.

रविवारी सकाळी फोन लावला. नशिबाने तो खडपावर होता.

"काल दुपारी घरात पंखा कुणी लावला होता?" मी विचारले.

"कुठल्या घरात?"

"माझ्या."

"तुला कसं कळलं?"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला धरला. मग तोच म्हणाला, "डबा बोलला म्हन की."

"मोबाइलवर दिसतं," मी म्हणालो.

"ते ज्याने अर्ज केलाय त्यालाच दिसतं. ठेकेदाराच्या त्या पोराने मला सांगितलेलं, मी तक्रार घेऊन गेलो तवा. सही खरी हाय, मालकालाच विचारा, म्हनला. मी त्याला शिव्या दिल्या." तो पुढे म्हणाला, "सही तुझीच होती."

"हो."

फोन त्याने बंद केला की रेंज गेली, हे मला सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी साडेदहाला तो महाडला आला. बायकोने चहा ठेवला. "बसा ना, दादा," ती म्हणाली. तो खुर्चीच्या कडेला बसला. छत्री बाहेर ठेवली होती, तरी पायाशी पाणी जमले.

"काकीची गोधडी दमट झालेली," तो मला म्हणाला. "वास याया लागला. ऊन कुठं हाय? म्हनून पंख्याखाली पसरली दोन तास. घडी करून परत ठेवलीय, कपाटात वरच्या फळीला."

"मला वाटलं," मी म्हणालो आणि थांबलो.

"काय वाटलं ते राहू दे. तीन वर्षं लावला. कुनी बघत नव्हतं तवा लावला. आता रोज कुनीतरी बघनार आनि मी लावनार, तर मग तो काकीसाठी नाय, तुझ्यासाठी होईल. तो धंदा मला जमायचा नाय, बाबा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला मीटरचे तोवर काही माहीत नव्हते. ती माझ्याकडे बघत होती.

त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. चहा अर्धाच घेतला. जाताना तो माझ्या बायकोला म्हणाला, "गणपतीला या. घर झाडायला हिला पाठवीन, पन दार तुम्ही उघडा." वाडीवर तो काय सांगणार, असे मी विचारले. "काय सांगू? पेपरवाला तू हायस, तू सांग," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी किल्ली उचलली. तिला चिंधी नव्हती.

तीन वर्षे मला हवी होती ती किल्ली ही होती. मी ती बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला लावली. त्या दिवशी संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. गुरुवारी एक अपघात. शुक्रवारी पाऊस.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेलो. साडेसहाला पोचलो. वाटेत देवळाच्या पायरीवर तीच म्हातारी बसली होती. "कोन, पेपरवाला काय?" ती म्हणाली. "ये. तुझा डबा बरा हाय ना?" मी हो म्हणालो. दार उघडायला वेळ लागला. कुलूप कसे झटकायचे ते मला माहीत नव्हते. सातला बल्ब लावला. कपाटात वरच्या फळीला गोधडी घडी करून ठेवलेली होती.

ओटीवर बसलो तेव्हा दादा शेजारच्या घराशी आला. त्या घराची त्या दिवशी पाळी होती. आमच्या दोन ओट्यांत तीस-पस्तीस पावलांचे अंतर आहे. त्याने कुलूप काढले, बल्ब लावला आणि कडे हातात घेऊन पायरीवर बसला. कड्यात तेरा किल्ल्या होत्या. हिरवी चिंधी कड्याच्या तारेलाच बांधलेली होती. मला ती तिथून दिसत होती. तो उठून आला नाही, मीही गेलो नाही. आठ वाजता दोन्ही बल्ब बंद झाले. उतरून फाट्यावर आलो, शेवटची गाडी गेली होती. एका टेम्पोने पोलादपूरपर्यंत सोडले.

घरी पोचल्यावर रकाना उघडला. सात ते आठ: ०.०६.

वाडीतले बाकीचे बावीस मीटर आजही जुनेच आहेत. माझ्या सहीची गोष्ट मी स्वतः देवळात सांगितली, गणपतीच्या आदल्या दिवशी, दादा समोर बसलेला असताना. त्यानंतरच्या निवेदनावर माझे नाव नाही. मजकूर दुसऱ्या कुणी लिहिला आहे. तिसरा मुद्दा तसाच ठेवला आहे. तेरा घरांत पाळीप्रमाणे दिवा लागतो.

माझी किल्ली महाडला खिळ्याला आहे. गणपतीच्या विसर्जनानंतर मी दोन रविवार वर गेलो. त्या दोन्ही दिवशी ०.०६ ची नोंद आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी चोवीसही रकान्यांत ०.०० आहे. काल संध्याकाळी, सात ते आठ, ०.००.